परदेशी निघालेली लेक गप्प का होते?



आपल्या कोरेगावकडच्या मुलीही आता शिकायला परदेशी निघतात. व्हिसा येतो, पेढे वाटले जातात, आणि लेक मात्र गप्प. जेवण जात नाही, झोप लागत नाही. अशा वेळी नुसती दृष्ट काढून भागत नाही.

वर्षभर परीक्षा, कागदपत्रं, बँकेचं कर्ज यांत तिला सवडच नव्हती. धावपळ थांबली की सुटणारं घर डोळ्यांपुढं येतं. सासरी निघताना आपलंही असंच झालं होतं की! रडू आलं म्हणजे जायचं चुकलं, असं नाही. पण घरानं कर्ज काढलंय, म्हणून ती बोलायला कचरते.

"एवढा खर्च केला, आता रडतेस?" असं म्हणू नका. "जड जातंय का गं?" असं विचारा, आणि ऐकून घ्या. फोनची वेळ आत्ताच ठरवा. जर्मनीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागं साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या, तेव्हा पत्र पोचायलाच कित्येक आठवडे लागत.

दोन आठवडे झाले तरी मन कशातच लागेना, तर टेली-मानसच्या १४४१६ नंबरवर फोन करा. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्याच क्षणी करा, आणि तिला एकटी सोडू नका.