मोरचूद : खनिज आणि द्राक्षबागेचे औषध

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाल्यावर पाऊस लांबला, की कोवळ्या फुटीवर केवडा रोग पडण्याचे भय असते. अशा वेळी बागाईतदार मोरचूद आणतात. या निळ्या पदार्थाचा मुख्य गुण ध्यानी आल्यास त्याच्या वापरातील चुका टळतील.

मोरचूद हे तांब्याचे लवण होय. त्याच्या स्फटिकात सुमारे २५ टक्के तांबे व ३६ टक्के पाणी असते. खडा तापविला असता पाणी निघून जाऊन पांढरी पूड उरते. तीवर पाणी शिंपडताच ती पुन्हा निळी होते.

भूगर्भातील तांबे व गंधक यांच्या खनिजांवर हवा आणि ओल यांची क्रिया होऊन मोरचुदाचे द्रावण बनते. ते आटले, की खाणीच्या भिंतींवर निळे स्फटिक धरतात. परंतु मोरचूद पाण्यात सहज विरघळते. म्हणून पावसाळी मुलखात ते उघड्यावर टिकत नाही. चिली देशाच्या अटाकामा वाळवंटातील चुकिकमाता येथे मात्र ते पावसाअभावी टिकून राहिले. बाजारातील मोरचूद बहुधा कारखान्यात तांबे व गंधकाम्ल यांपासून केलेले असते.

हाच विरघळण्याचा गुण बागेत घातक ठरतो. नुसते द्रावण फवारल्यास पाने करपतात आणि औषध पावसाने धुऊन जाते. चुना मिसळला, की तांबे न विरघळणाऱ्या रूपात पानास चिकटते व बुरशीचे बीज रुजू देत नाही. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्डे यांनी १८८५ साली हे मिश्रण प्रसिद्ध केले.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. १ किलो ताजा कळीचा चुना विरवून, निवल्यावर गाळून, त्याचेही ५० लिटर द्रावण करावे. दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. भांडी मातीची, लाकडी वा प्लास्टिकची असावीत. मोरचूद लोखंडास खाते.

मिश्रणात स्वच्छ विळ्याचे पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढल्यास मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालावे. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. कोवळ्या फुटीसाठी त्याची तीव्रता कृषी कार्यकर्त्याच्या सल्ल्याने ठरवावी.

मोरचूद विषारी आहे. ते मुलांपासून व जनावरांच्या पाण्यापासून दूर ठेवावे. फवारलेले तांबे जमिनीत साठत जाते, याकरिता गरजेपुरतीच फवारणी करावी.