गर्दीचं मूळ वॉर्डात

मुंबईच्या गिरगावातला सामान्य माणूस रात्री छातीत कळ आली की नायर, जे. जे. किंवा परळच्या केईएमची कॅज्युअल्टी गाठतो. एप्रिल 2020 मध्ये नायर कोविडसाठी राखीव झालं. इतर आजारांच्या रुग्णांना दुसरं दार शोधावं लागलं. साथीच्या भीतीने अनेकांनी रुग्णालय टाळलं. लांबलेले आजार मात्र पुढे बळावूनच येतात. तरीही साथ ओसरल्यावरच्या गर्दीचं खापर निव्वळ विषाणूवर फोडता येत नाही. केईएममध्ये जमिनीवर गाद्या टाकणं कोविडच्या कितीतरी आधीपासूनचं. मोरी तुंबली की नळाला दोष देऊन काय उपयोग? वॉर्डात खाट रिकामी होत नाही, तोवर दाखल करायचा रुग्ण कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवरच अडकतो.

‘सर्दी-खोकलेवाले गर्दी करतात,’ हा आक्षेप नेहमीचा. कॅनडातल्या ऑन्टारियोतल्या 2007 च्या अभ्यासात मात्र अशा रुग्णांमुळे इतरांचा खोळंबा नगण्यच वाढतो, असं दिसलं. 2022 पासूनचे महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ उपयोगी आहेत, ओपीडीचा भार ते हलका करतीलही. पण हृदयविकाराच्या रुग्णाला खाट तिथे मिळणार नाही. ती हवी तर उपनगरी रुग्णालयांत अतिदक्षता विभाग आणि परिचारिका वाढवाव्या लागतील, आणि बरे झालेल्यांना दुपारपर्यंत थांबवून न ठेवता सकाळीच घरी सोडावं लागेल.