माहुली

साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे ५ किलोमीटरवर माहुली हे लहानसे गाव आहे. शहराची स्मशानभूमी तेथे असल्यामुळे पुष्कळ घरांत या गावाचे नाव निघते ते कोणी निवर्तल्यावरच. आम्ही वर्गात सहलीसाठी माहुली सुचविली, तेव्हा काही मुलांचे चेहरे उतरले. एकाने तर आजोबांना तेथे नेल्याचे हळूच सांगितले. तरीही आम्ही गेलो.

कृष्णा आणि वेण्णा या दोन्ही नद्या महाबळेश्वरी उगम पावतात. तेथून एक वाईकडे व दुसरी मेढ्याकडे वळते आणि इतका वळसा घालून दोघी पुनः माहुलीस भेटतात. संगमालगतची वस्ती ती संगम माहुली व कृष्णेच्या पूर्वतीरावरची ती क्षेत्र माहुली. साताऱ्याचे रेल्वेस्थानकही वस्तुतः क्षेत्र माहुलीनजीकच आहे. पश्चिमतीरावरील विश्वेश्वराचे देवालय श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधविले. त्याचे काळ्या दगडाचे काम पाहण्याजोगे आहे.

तथापि मुले रमली ती समाध्यांपाशी. मोगलांच्या कैदेत सुमारे ३० वर्षे काढून १७१९ साली परत आलेल्या येसूबाई, त्यांचे पुत्र शाहूमहाराज आणि १७६१ साली वारलेल्या ताराबाई, यांच्या समाध्या याच परिसरात आहेत. शाहूमहाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले. त्यांच्यामागे राणी सकवारबाई सती गेल्या. त्या स्वेच्छेने गेल्या नसून राजकारणाच्या पेचामुळे त्यांस जावे लागले, असे इतिहासकार मानतात. हे सांगताना आमच्या वर्गातील मुली फार गंभीर झाल्या, आणि आम्हांसही पुढे बोलवेना.

महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी येथे आहे. त्याने वाघापासून धन्याचे प्राण वाचविले, अशी कथा आहे. वाट विचारली तेव्हा एका शेतकऱ्याने हातातले खुरपे खाली ठेवले आणि तो आमच्यासंगे चालू लागला. "राजाची समाधी पान्यापाशी हाय, जपून उतरा. पूर आला की समदं गाळाखाली जातं," तो म्हणाला. राजधानीचे दुःख व नदीचा गाळ, दोन्ही या गावाने पिढ्यान् पिढ्या वाहिली आहेत.

पण माहुलीने दिलेही पुष्कळ. रामशास्त्री प्रभुणे यांचा जन्म येथलाच. वयाने बरेच मोठे झाल्यावर ते काशीस जाऊन शिकले व पुढे पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. चौकशीअंती रघुनाथरावांस 'देहान्त प्रायश्चित्त' हाच निर्णय त्यांनी तोंडावर ऐकविला आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. ज्याच्या हाती सर्व सत्ता, त्यालाच दोषी ठरविणे सोपे नव्हते. पुढे बारभाईंच्या कारभारात ते पुनः न्यायासनावर आले. विलंबाने शिकावयास लागलेल्या विद्यार्थ्यास याहून चांगला ग्रामबंधू आम्हांस तरी ठाऊक नाही.

परत निघालो तो सांज झाली होती. शहराकडून एक अंत्ययात्रा येत होती. आम्ही काही सांगण्यापूर्वीच मुले रस्त्याच्या कडेस उभी राहिली. आजोबांविषयी बोललेल्या मुलाने टोपी काढली, आणि यात्रा घाटाकडे वळेपर्यंत ती हातातच धरून ठेवली.