शौर्यपदके आणि लढाऊ वैमानिक

युद्धातील पराक्रमासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही पदके 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली. ती 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली गेली. वैमानिकांच्या बाबतीत निवडीचा प्रश्न अवघड असतो, कारण लढत आकाशात होते आणि साक्षीदार अनेकदा परततच नाही.

भारत-पाकिस्तान युद्धात 7 सप्टेंबर 1965 रोजी पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरील हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांनी मिस्टियर विमानातून अधिक वेगवान पाकिस्तानी स्टारफायटर विमान पाडले आणि ते स्वतःही धारातीर्थी पडले. त्यांना महावीर चक्र मिळाले ते 1988 मध्ये, 23 वर्षांनी.

पुण्याचे दिलीप परुळकर 1965 मध्ये खांद्याला जखम असूनही, उडी घेण्याचा सल्ला बाजूला ठेवून, बिघडलेले विमान तळावर घेऊन आले. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले. 1971 मध्ये ते युद्धकैदी झाले आणि ऑगस्ट 1972 मध्ये दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले. खैबर खिंडीजवळ लंडी कोतलला ते पकडले गेले.

पदकाची शिफारस खालून वर जाते आणि अंतिम निर्णय सरकारचा असतो. म्हणूनच नोंदी चोख ठेवणे आणि नवा पुरावा मिळताच जुनी प्रकरणे उघडणे, हे शासनाचे कर्तव्यच आहे.