अळीपासून फुलपाखरापर्यंत : बालवर्गासाठी एक पाठ

३ ते ६ वर्षांच्या बालकास चित्रापूर्वी वस्तू आणि शब्दापूर्वी अनुभव मिळावा, हे बालशिक्षणाचे मुख्य सूत्र होय. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा भोवतालच्या निसर्गातील वस्तू हेच शिक्षणसाधन मानले. फुलपाखराची अळी हे असेच एक बिनमोल साधन आहे.

तथापि निवड जपून करावी. शेवग्यावरील केसाळ सुरवंट वर्गात मुळीच आणू नये. त्याचे केस त्वचेत शिरून खाज व सूज येते. रुईवरील अळीही टाळावी, कारण रुईचा चीक डोळ्यांस घातक असतो. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या पानांवरील गुळगुळीत अळी सर्वांत सोयीची. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते. डिवचल्यास ती डोक्यामागून तांबूस दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडते. ते निरुपद्रवी असते, हे मुलांस आधीच सांगावे.

रुंद तोंडाच्या बरणीत अळी पानांसह ठेवून तोंडास विरळ फडके बांधावे. औषध न फवारलेली ताजी पाने रोज घालावी व लेंड्या काढून टाकाव्या. कोश धरण्यासाठी एक काटकी तिरपी ठेवावी. उष्ण हवेत अंडे ३-४ दिवसांत फुटते, अळीची वाढ सुमारे २ आठवडे चालते आणि कोशातून फुलपाखरू निघण्यास आठवड्याहून थोडा अधिक काळ लागतो. थंडीत हा काळ वाढतो.

या काळात पुढील उपक्रम घ्यावे. बरणीबाहेरून अळीशेजारी दोरा धरून तिच्या लांबीएवढा तुकडा कापावा व रोज भिंतीवरील कागदावर ओळीने चिकटवावा; लांब-आखूड ही कल्पना मुलांस आपोआप येते. ज्वारीचा दाणा, चवळीची शेंग, भुईमुगाची शेंग व दोन पाने ही अनुक्रमे अंडे, अळी, कोश व फुलपाखरू मानून क्रम लावण्यास द्यावा. दाणे नाकातोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष असावे. गोणपाटाखाली मुटकुळे करून निजणे आणि हात पसरून उठणे हा खेळ मुलांस फार आवडतो.

दोन प्रश्न हटकून निघतात. शेतकऱ्याचे मूल म्हणेल, “आमचे बाबा तर अळ्या मारतात.” त्यावर पालकांस दोष देऊ नये. हीच अळी लिंबाच्या कोवळ्या रोपांची पाने खाऊन नुकसान करते व फुलपाखरू होऊन फुलांवर जाते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, असे सांगावे. दुसरा प्रश्न न उघडणाऱ्या कोशाचा. कधी कोश काळा पडतो, कधी त्यातून परोपजीवी माशी निघते. अशा वेळी तो गुपचूप फेकून ‘उडून गेले’ असे सांगणे अयोग्य होय. कोश मुलांस दाखवावा, ‘हे मेले’ एवढे सरळ शब्दांत सांगावे व त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे.

फुलपाखरू निघाल्यावर पंख वाळेपर्यंत त्यास हात लावू देऊ नये. नंतर सर्व मुलांसमक्ष बरणी झाडाखाली नेऊन उघडावी. जे मूल वाटेत दिसणारी अळी चिरडण्याऐवजी खाली बसून पाहू लागेल, त्यास हा पाठ समजला असे शिक्षकांनी मानावे.