थांबायचे किती, सुटायचे केव्हा?

समोरून वारा असताना सायकल मारणे म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. तालुक्याहून घरी परतताना वारा सुटला, की पायडल जड होते आणि दम लागतो. अशा वेळी पुढे एखादी ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली, की पोरे हटकून तिच्या मागे लागतात. ट्रॉलीच्या आडोशाला वारा लागत नाही आणि कमी श्रमात वाट सरते. रस्त्यावर हा उद्योग धोक्याचाच. वडीलधारी माणसे त्यावरून रागावतात, ते योग्यच आहे. पण वाऱ्याच्या याच आडोशावर जगातली एक मोठी शर्यत उभी आहे. तिचे नाव ‘केइरिन’.

शब्द जपानी आहे. चाकांची चढाओढ, असा त्याचा साधा अर्थ. दुसऱ्या महायुद्धात जपान पार उद्ध्वस्त झाला होता. शहरे पुन्हा उभी करायला पैसा हवा होता. तेव्हा १९४८ साली तिथे सायकल शर्यतींचा कायदा झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोकुरा या गावी पहिली केइरिन झाली. लोकांनी सायकलस्वारांवर पैसे लावायचे आणि त्यातला वाटा सरकारी व नगरपालिकांच्या तिजोरीत जायचा, अशी ही योजना. पैशाचा मामला असल्यामुळे शिस्तही कडक. शर्यतीचे दिवस चालू असेपर्यंत स्वारांना एका जागी ठेवतात आणि बाहेरच्या कोणाशी बोलूही देत नाहीत. पुढे १९८० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांची केइरिन सुरू झाली आणि २००० साली सिडनीला ती ऑलिंपिकमध्ये आली. तिथे अर्थातच पैज नाही, फक्त पदक.

शर्यत चालते कशी?

लाकडी फळ्यांचा २५० मीटरचा गोल ट्रॅक असतो. वळणावर तो विहिरीच्या काठासारखा उभा चढलेला. सायकलींना ब्रेक नसतात. चाक फिरते तोवर पायडलही फिरतच राहते. आपल्या सायकलीसारखे पाय थांबवून उतारावर आरामात जाण्याची सोय नाही. सहा किंवा सात स्वार चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने एका छोट्या मोटरसायकलच्या मागे रांगेने लागतात. ही मोटरसायकल आधी ताशी ३० किलोमीटरने चालते, मग हळूहळू वेग वाढवत ५० पर्यंत नेते. एकूण सहा फेऱ्या. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या, की मोटरसायकल बाजूला होते आणि शर्यत मोकळी सुटते. शेवटी वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात जातो.

आता यातली मेख पाहा. मोटरसायकल बाजूला होण्याआधी जो तिच्या पुढे जाईल, तो बाद. फार लवकर सुटलात, तर सगळा वारा तुमच्या छातीवर आणि मागचे तुमच्या आडोशाला निवांत. फार उशीर केलात, तर पुढे जायला वाटच उरत नाही. म्हणजे पायात बळ सर्वांच्याच असते. कसोटी लागते ती थांबण्याची आणि सुटण्याची वेळ ओळखण्याची.

डुंगुनचा अझीझुल

या शर्यतीत जिंकणारे गडी बहुधा आडदांड. ऑलिंपिकमध्ये दोनदा केइरिन जिंकणारा ब्रिटनचा ख्रिस हॉय सहा फुटांहून उंच. अशा पहिलवानांत साडेपाच फूटसुद्धा न भरणारा एक आशियाई तरुण उतरला. अझीझुलहस्नी अवांग त्याचे नाव. जन्म १९८८ चा. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानू राज्यात डुंगुन नावाचे गाव आहे, तिथला हा मुलगा. मोठ्यांच्या गर्दीतून बारीक फट शोधून तो असा निसटायचा, की लोकांनी त्याला ‘खिशातला अग्निबाण’ असे नाव दिले.

२०११ च्या फेब्रुवारीत मँचेस्टरला विश्वचषकाची शर्यत होती. अंतिम फेरीत शेवटाला स्वार एकमेकांवर आदळले आणि धडाधड कोसळले. अझीझुलही पडला. पण तो उठला, सायकलवर बसला आणि रेषा ओलांडून तिसरा आला. मग त्याचे लक्ष पायाकडे गेले. ट्रॅकच्या फळीची सुमारे २० सेंटिमीटरची, म्हणजे चांगली वीतभर ढलपी त्याच्या पोटरीतून आरपार गेली होती. रुग्णालयात शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली.

दुसरा एखादा असता, तर त्याने सायकल भिंतीला टेकवली असती. हा पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होता. तिथे सहावा आला. २०१६ मध्ये रिओला मात्र कांस्यपदक मिळाले. मलेशियाला सायकलिंगमध्ये मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक.

पण ते पदकही सुखासुखी आले नाही. अंतिम फेरी मध्येच थांबवली गेली. ब्रिटनचा जेसन केनी आणि अझीझुल मोटरसायकल बाजूला होण्याआधीच पुढे गेले, असा संशय होता. पंचांनी चित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. फरक इतका बारीक, की ठाम काही सांगता येईना. दोघांना ठेवले आणि शर्यत नव्याने लावली. त्यानंतर आणखी एकदा ती थांबवून सुरू करावी लागली. शेवटी केनीला सुवर्ण आणि अझीझुलला कांस्य मिळाले. दोरी तुटता तुटता राहिली, असाच तो प्रसंग.

२०१७ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. तिथे केइरिनमध्ये अझीझुल पहिला आला. ट्रॅक सायकलिंगमध्ये जगज्जेता झालेला तो पहिला मलेशियन. जगज्जेत्याचा इंद्रधनुषी पट्ट्यांचा सदरा त्या छोट्या अंगावर चढला.

एकाची संधी

२०२१ मध्ये जपानात, टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, केनी आणि अझीझुल पुन्हा समोरासमोर आले. केनी मोटरसायकलच्या लगेच मागे होता. त्याने मान वळवून पाहिले, तर मागच्या स्वाराने बरेच अंतर सोडलेले. तीन फेऱ्या शिल्लक. एरवी इतक्या लवकर सुटणे म्हणजे वेडेपणा. पण केनीने क्षणात निर्णय घेतला आणि तो सुटला. मागचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आधी कोणी वारा अंगावर घ्यायचा? तेवढ्यात केनी हाती लागण्यापलीकडे गेला होता. ते त्याचे सातवे ऑलिंपिक सुवर्ण. अझीझुल दुसरा आला.

आणि एकाची चूक

त्यानंतर कळले, की अझीझुलच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जन्मापासून दोष आहे. इतकी वर्षे हा माणूस तसाच शर्यती मारत होता. २०२२ मध्ये त्याची हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यातूनही तो उठला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पोहोचला. वय ३६. आता एक सुवर्णपदक तेवढे राहिले होते.

पहिलीच फेरी. रांग मोटरसायकलच्या मागे चालली होती. ती ट्रॅकवरून बाजूला होण्याआधीच अझीझुल पुढे गेला. पंचांनी त्याला बाद ठरवले. रिओला जी चूक संशयापुरती राहिली होती, ती आठ वर्षांनी पॅरिसला पदरात पडली. वीतभर ढलपीने ज्याला थांबवले नाही, हृदयाच्या शस्त्रक्रियेने ज्याला थांबवले नाही, त्याला निमिषभराच्या घाईने थांबवले.

हे वाचून हळहळ वाटते. पण शेतीत राबणाऱ्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. वाफसा यायच्या आत पेरायला घेतले तर बियाणे वाया जाते आणि ओल उडाल्यावर पेरले तर उगवत नाही. आयुष्यभर शेती केलेल्या जाणत्या माणसाचाही एखाद्या वर्षी अंदाज चुकतो. म्हणून त्याची आधीची पिके कोणी खोटी म्हणत नाही.

डुंगुनच्या अझीझुलचेही तसेच. ऑलिंपिकचे सुवर्ण त्याला मिळाले नाही. पण जगज्जेतेपद, ऑलिंपिकची दोन पदके आणि पडल्यावर उठून रेषा ओलांडण्याची ती जिद्द, ही त्याची कमाई कोणत्याही पंचाला पुसता येणार नाही.