टेपवरची नक्कल : नुसती घेऊन भागत नाही

बँकांचे संगणक एका केंद्राशी जोडले जाण्यापूर्वी शाखेचा दिवसभराचा व्यवहार रात्री टेपवर उतरवावा लागे. परभणी जिल्ह्यातील आमच्या शाखेत हे काम माझ्याकडे होते. एकदा सर्व्हर बंद पडला. टेप लावली, तर तीत नोंदीच नाहीत! टेप रोज बदलत होतो, अहवाल मात्र वाचत नव्हतो. व्हाउचरांवरून पुन्हा नोंदी करण्यात दोन रविवार गेले.

टेप जुनाट वाटेल. पण फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खातेदारांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. कपाटातली टेप संगणकाला जोडलेली नसते, म्हणून त्यातला बिघाड तिच्यापर्यंत पोचत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, नेटवर्कवरील अनेक संगणकांची नक्कल एका ठिकाणी घेताना त्या कामाच्या युजरला सर्व फाइली वाचण्याचा अधिकार हवा, नाहीतर काही फाइली वगळल्या जातात. वेळ कामकाज संपल्यानंतरची ठेवावी. उघड्या फाइलची नक्कल भरवशाची नसते. रविवारी संपूर्ण नक्कल घ्यावी आणि इतर दिवशी रविवारनंतर बदललेले सर्व. मग गुरुवारी बिघाड झाला तर रविवारची व बुधवारची अशा दोनच टेपा पुरतात. रोज फक्त आदल्या दिवसानंतरचा बदल घेतला तर चार लागतील. टेप वाचते कमी, जीव टांगणीला जास्त!

पडताळणीचा पर्याय वेळ खातो, तरी चालूच ठेवावा. महिन्यातून एकदा एखादी फाइल टेपवरून वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून उघडून पाहावी. आठवड्याची टेप दुसऱ्या इमारतीत ठेवावी. आमची सर्व्हरच्याच खोलीत असे.